राज्यपालांची राष्ट्रपतिपदाची उमेदवारी आणि रोजगाराचा न मोजलेला अनुशेष

प्रस्तावना

२००२ च्या मे-जून महिन्यांत महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी अग्रक्रमाने चर्चेत होते. केंद्रातील सत्तारूढ राष्ट्रीय लोकशाही आघाडीने त्यांचे नाव पुढे केले, काँग्रेसने त्यास विरोध दर्शविला, सहमती होऊ शकली नाही आणि १० जून २००२ रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव जाहीर झाले. भारतीय राज्यव्यवस्थेच्या इतिहासात हा प्रसंग सामान्यतः एक फसलेली राजकीय वाटाघाट म्हणून नोंदविला जातो. प्रस्तुत लेखात या प्रसंगाकडे वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. महाराष्ट्राचा राज्यपाल हा केवळ नामधारी प्रमुख नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र या प्रदेशांतील जनतेला राज्य शासनाच्या सेवांमध्ये रोजगाराच्या पुरेशा संधी मिळाव्यात, अशी व्यवस्था करण्याची विशेष जबाबदारी त्याच्यावर टाकता येते, आणि १९९४ मध्ये ती टाकण्यात आली. असा राज्यपाल देशाच्या सर्वोच्च पदाच्या उंबरठ्यावर उभा असताना त्याच्या कारकिर्दीत या जबाबदारीचे काय झाले, हा प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही. तो का आला नाही, याचा शोध घेतला असता प्रश्न व्यक्तीपेक्षा मोजमापाचा आहे, असे आढळून येते.

टेक्सासचा दाखला

तुलनेसाठी अमेरिकेतील एक प्रसंग उपयोगी पडतो. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर लोकनियुक्त असतो. आपल्याकडील मुख्यमंत्र्याशी त्याची तुलना अधिक योग्य ठरते. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी १३ ऑगस्ट २०११ रोजी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली, तेव्हा त्यांच्या प्रचाराचा मुख्य आधार रोजगारवाढ हाच होता. जून २००९ नंतर संपूर्ण देशात जी निव्वळ रोजगारवाढ झाली, तिचा सुमारे चाळीस टक्के वाटा एकट्या टेक्सासचा आहे, असा तो दावा होता. आकडा खोटा नव्हता. परंतु टीकाकारांनी त्याच्या भाजकाकडे बोट दाखविले. २००० ते २०१० या दशकात टेक्सासची लोकसंख्या वीस टक्क्यांहून अधिक वाढली होती. माणसे वाढली तेथे दुकाने, शाळा व रुग्णालये वाढणारच. राज्यातील बेरोजगारीचा दर २०११ च्या उन्हाळ्यात आठ टक्क्यांच्या वर होता आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्याचा दर त्याहून कमी होता. शिवाय किमान वेतनावर किंवा त्याहून कमी वेतनावर काम करणाऱ्यांचे प्रमाण टेक्सासमध्ये देशात सर्वाधिक असलेल्या राज्यांच्या बरोबरीचे होते.

७ सप्टेंबर २०११ रोजी कॅलिफोर्नियातील रेगन ग्रंथालयात झालेल्या वादसभेत पेरी आणि मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी एकमेकांच्या कारकिर्दीतील रोजगाराचे दर काढले. तुमच्यापेक्षा मायकेल डुकाकिस यांनी अधिक वेगाने रोजगार निर्माण केला, असे पेरी म्हणाले. तुमच्या आधीच्या गव्हर्नरांचा वेग तुमच्याहून अधिक होता, असे रॉम्नी यांनी उत्तर दिले. डुकाकिस यांचे नाव सहज आलेले नव्हते. १९८८ मध्ये ते स्वतः मॅसॅच्युसेट्सच्या आर्थिक 'चमत्काराच्या' बळावर अध्यक्षपदाची निवडणूक लढले व हरले होते. पाठोपाठ तो चमत्कारही ओसरला. गंमत अशी की, टेक्सासचे गव्हर्नरपद हे अमेरिकेतील तुलनेने दुर्बल अधिकारांचे पद मानले जाते आणि तेथील विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच भरते. तेव्हा त्या रोजगाराचे श्रेय गव्हर्नरचे किती आणि खनिज तेल, स्वस्त जमीन व स्थलांतर यांचे किती, हा वाद अनिर्णित राहिला. पेरी यांनी जानेवारी २०१२ मध्ये माघार घेतली. मात्र वादाने एक गोष्ट साधली. रोजगार म्हणजे काय, तो कोणत्या वेतनाचा, लोकसंख्येच्या कोणत्या प्रमाणात आणि कोणाच्या काळातला, हे प्रश्न सामान्य मतदारापर्यंत पोहोचले.

आपल्याकडे राज्यपालाला असे प्रश्न विचारले जात नाहीत, कारण त्याच्या हाती कार्यकारी सत्ता नसते, हे उत्तर इतर बहुतेक राज्यांपुरते पुरेसे आहे. महाराष्ट्रापुरते ते पुरेसे नाही.

'लोकसंख्येच्या प्रमाणात' ते 'पुरेशा संधी'

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांच्या या कराराने विदर्भ व मराठवाडा यांना मराठी भाषकांच्या एका राज्यात येण्याची हमी दिली. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याचे कलम सर्वांच्या लक्षात राहिले, कारण ते डिसेंबरमध्ये दरवर्षी डोळ्यांना दिसते. परंतु त्याच करारात शासकीय सेवांच्या सर्व श्रेणींतील भरती त्या त्या घटकाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी, असेही ठरले होते. विदर्भाच्या दृष्टीने हे कलम अधिवेशनापेक्षा अधिक मोलाचे होते. जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरमध्ये सचिवालय होते, उच्च न्यायालय होते आणि त्या भोवती नोकरदारांचा एक मोठा मध्यमवर्ग वाढलेला होता. राजधानी गेली की त्या नोकऱ्याही मुंबईला जाणार, ही भीती काल्पनिक नव्हती.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) संविधानात आला आणि १९६० च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांना लागू राहिला. या अनुच्छेदाचा मसुदा नागपूर कराराच्या शेजारी ठेवून वाचला असता एक बदल नजरेस येतो. करारातील 'लोकसंख्येच्या प्रमाणात' हा शब्दप्रयोग संविधानात उतरला नाही. त्या जागी समन्यायी व्यवस्था आणि पुरेशा संधी हे शब्द आले. तेही संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून. प्रमाण मोजता येते. पुरेसेपणा ज्याच्या हाती कारभार आहे तो ठरवितो. या एका शब्दबदलात पुढील अर्धशतकाचा इतिहास सामावलेला आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या सौम्य शब्दयोजनेमागे घटनात्मक अडचण होती, असा युक्तिवाद करता येईल. अनुच्छेद १६ जन्मस्थान व निवास यांवरून शासकीय नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो आणि निवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेला देतो. परंतु अनुच्छेद ३७१(२) ची सुरुवातच संविधानात अन्यत्र काहीही असले तरी, अशा आशयाच्या शब्दांनी होते. अडचण ओलांडण्याचे साधन त्या अनुच्छेदातच होते.

आणि ती अडचण शेजाऱ्यांनी ओलांडून दाखविली. आंध्र प्रदेशात १९६९ च्या तेलंगण आंदोलनानंतर व १९७२ च्या जय आंध्र आंदोलनानंतर बत्तिसावी घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद ३७१-घ आला. १९७५ च्या राष्ट्रपती आदेशाने राज्याचे सहा विभाग पाडून स्थानिक संवर्ग निर्माण केले आणि स्थानिक उमेदवारांसाठी जिल्हा पातळीवरील कनिष्ठ पदांत ऐंशी टक्के, त्यावरील पदांत क्रमाने कमी असे प्रमाण ठरवून दिले. आदेशाचे उल्लंघन झाले, म्हणून डिसेंबर १९८५ मध्ये शासन आदेश क्रमांक ६१० काढावा लागला. त्याची अंमलबजावणीही रखडली आणि तो तेलंगणच्या मागणीचा एक आधार बनला. परंतु उल्लंघन झाले हे सिद्ध करता आले, कारण प्रमाण लिहिलेले होते. कर्नाटकात हैदराबाद-कर्नाटक भागासाठी अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-ञ आला आणि २०१३ पासून तेथे स्थानिक संवर्गातील पदे राखीव झाली.

येथे मराठवाड्याच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे १९५६ मध्ये तीन भाग झाले. तेलंगण आंध्रात गेला, गुलबर्गा-रायचूरचा पट्टा म्हैसूर राज्यात आला आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात. तिन्ही भागांचे मागासलेपण एकाच राजवटीतून आलेले. त्यांपैकी दोघांना पुढे नोकऱ्यांचे लिखित प्रमाण मिळाले. तिसऱ्याच्या वाट्याला 'पुरेशा संधी' आल्या.

नऊ क्षेत्रे आणि एक रिकामा रकाना

अनुच्छेद अस्तित्वात असूनही त्याखालील राष्ट्रपती आदेश दीर्घकाळ निघाला नाही. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी सत्यशोधन समिती नेमण्यात आली व तिने १९८४ मध्ये अहवाल दिला. राज्याची सरासरी हा मापदंड आणि जिल्हा हा घटक धरून जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट म्हणजे अनुशेष, ही तिची पद्धती. त्यानुसार एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सदतीस टक्क्यांहून किंचित अधिक होता. शेवटचा आकडा अनेकांना आश्चर्यकारक वाटतो. परंतु कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राचा अवर्षणप्रवण पट्टा याच 'उर्वरित' या शब्दात मोडतो. २६ जुलै १९८४ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. आदेश निघण्यास ९ मार्च १९९४ उजाडले व १ मे १९९४ रोजी तीन विकास मंडळे स्थापन झाली. या वेळी राज्यपालपदी डॉ. अलेक्झांडर होते. ही विशेष जबाबदारी प्रत्यक्षात आली ती प्रथम त्यांच्याच कारकिर्दीत.

१९९५ मध्ये निर्देशांक व अनुशेष समिती नियुक्त झाली. तिने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष सुमारे १४,००७ कोटी रुपये इतका काढला. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृद्संधारण आणि पशुवैद्यकीय सेवा अशी ती नऊ क्षेत्रे. दांडेकर समितीपासून चालत आलेली ही यादी आहे. अनुच्छेदातील निधीवाटपाचे कलम या यादीत आले, तंत्रशिक्षणाचेही आले. शासकीय सेवेतील रोजगाराचे कलम मात्र यादीत नाही. ज्याचा निर्देशांक नाही त्याचा अनुशेष निघत नाही आणि ज्याचा अनुशेष निघत नाही त्याबाबत निर्देश कशाच्या आधारे द्यावयाचे?

यास केवळ दुर्लक्ष म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात नोकरीचे मोजमाप रस्त्याच्या मोजमापापेक्षा अवघड आहे, हेही मान्य केले पाहिजे. रस्ता ज्या जिल्ह्यात असतो तेथेच राहतो. नोकरीचे तसे नाही. गडचिरोलीतील मंजूर पद हे विदर्भाच्या खात्यावर धरावयाचे की त्या पदावर नेमलेला उमेदवार सांगली जिल्ह्यातील असेल तर पश्चिम महाराष्ट्राच्या? मंत्रालयातील लिपिकाचे पद कोणत्या प्रदेशाचे? पद मंजूर असून ते रिक्तच राहिले, किंवा नियुक्त अधिकारी सहा महिन्यांत बदली करून पुण्याला परतला, तर संधी कोणाची बुडाली? नोकरी शोधणाऱ्याची, की ज्या तालुक्याला डॉक्टर व अभियंता मिळाला नाही त्या तालुक्याची? विदर्भ, मराठवाडा व कोकणातील रिक्त पदांचा प्रश्न पुढे इतका तीव्र झाला की, २०१० मध्ये शासनाला विभागीय संवर्ग वाटपाचे नियम करून अधिकाऱ्यांच्या पहिल्या नियुक्त्या या विभागांत कराव्या लागल्या. तो उपाय कारभाराच्या सोयीचा होता. स्थानिक उमेदवाराच्या संधीशी त्याचा संबंध दूरचा.

तरीही मोजमाप अशक्य होते असे म्हणता येत नाही. प्रत्येक कार्यालयात बिंदुनामावली ठेवली जाते. सामाजिक आरक्षणाचा एकेक बिंदू तीत तपासला जातो व तिच्यावरून न्यायालयीन लढे होतात. त्याच नोंदवहीत उमेदवाराच्या प्रदेशाचा एक रकाना वाढविणे हे प्रशासनाच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हते. ते कोणी सांगितले नाही म्हणून झाले नाही.

अभिभाषणातील रोजगार

डॉ. अलेक्झांडर १२ जानेवारी १९९३ पासून जुलै २००२ पर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षे, महाराष्ट्राचे राज्यपाल होते. या काळात सुधाकरराव नाईक, शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे व विलासराव देशमुख असे पाच मुख्यमंत्री त्यांनी पाहिले. अनुच्छेद १७६ नुसार राज्यपाल विधिमंडळापुढे जे अभिभाषण करतो ते मंत्रिमंडळाने लिहिलेले असते. काँग्रेस, युती व लोकशाही आघाडी या तीन भिन्न राजवटींच्या योजना व आश्वासने एकाच आवाजात विधिमंडळाने ऐकली, हे या कारकिर्दीचे वैशिष्ट्य आहे.

ती आश्वासने लहान नव्हती. १९९५ च्या निवडणुकीतील शिवसेना-भाजप युतीचे सत्तावीस लाख तरुणांना रोजगार देण्याचे आश्वासन त्या काळी खूप गाजले. मुंबईच्या कापड गिरण्यांचा १९८२ चा संप होऊन दशक उलटले होते; संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी अनेकांच्या गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्याच नाहीत. नव्या आर्थिक धोरणानंतर खासगी उद्योग आले ते मुख्यत्वे मुंबई-पुणे-नाशिक या पट्ट्यात. अशा वेळी सरकारी नोकरी हीच विदर्भ-मराठवाड्यातील सुशिक्षित तरुणाची मुख्य आशा होती. नेमकी तीच आटत गेली. पाचव्या वेतन आयोगानंतर तिजोरीवर ताण आला व नोकरभरतीवर निर्बंध आले. २००० मध्ये शिक्षण सेवक योजना सुरू झाली आणि पूर्ण वेतनाच्या जागी तीन वर्षे मानधन आले. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकांविषयी या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. टेक्सासमध्ये विचारला गेलेला प्रश्न, की नोकरी मोजताना कोणत्या वेतनाची नोकरी मोजावी, तो आपल्याकडे दहा वर्षे आधीच उभा होता.

रोजगार हा हक्क म्हणून देण्याचा प्रयोग महाराष्ट्राने पूर्वी केलेला होता, हेही येथे आठवावे लागते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे सुरू केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना वाढली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर हा तिच्या निधीचा एक प्रमुख स्रोत ठरला. २००५ मध्ये केंद्राने देशव्यापी कायदा केला त्यामागे हाच अनुभव होता. खडी फोडणाऱ्या मजुराच्या हजेरीपटावर मनुष्यदिवसांचा हिशेब ठेवणारे हे राज्य मंत्रालयापासून तलाठी कार्यालयापर्यंतच्या पदांचा प्रादेशिक हिशेब ठेवू शकले नाही.

डिसेंबर २००१ चे निर्देश आणि जून २००२

डॉ. अलेक्झांडर यांनी आपल्या विशेष जबाबदारीकडे पाठ फिरविली, असे चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २००१ मध्ये त्यांनी निधीवाटपाबाबत सविस्तर निर्देश दिले. त्यामागील परिस्थिती ध्यानात घेण्यासारखी आहे. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले व स्वतंत्र विदर्भाच्या मागणीला पुन्हा धार आली. दुसरीकडे बचावत लवादाने दिलेल्या कृष्णेच्या पाण्यासाठी मे २००० ही मुदत समोर ठेवून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले होते व पाटबंधाऱ्यांचा पैसा त्या खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर वळला होता. राज्यपालांच्या निर्देशांनी हा ओघ अनुशेषाच्या प्रदेशांकडे वळविण्याचा प्रयत्न केला. हे निर्देश शासनावर बंधनकारक आहेत की सल्लावजा, यावर बरीच वर्षे वाद झाला आणि २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे एका नियुक्त राज्यपालाने निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा आर्थिक अग्रक्रम बदलावयास लावला. भारतातील अन्य फार थोड्या राज्यपालांच्या नावावर अशी नोंद सापडेल.

हे निर्देश आणि राष्ट्रपतिपदाची चर्चा यांत जेमतेम सहा महिन्यांचे अंतर आहे. परंतु जून २००२ मधील चर्चा पाहिली तर तिचा भर अन्यत्र होता. अलेक्झांडर केरळचे होते; ख्रिस्ती राष्ट्रपती देशाला मिळालेला नव्हता; ते इंदिरा गांधींचे प्रधान सचिव होते आणि तरीही काँग्रेसच त्यांच्या विरोधात होती; राज्यपालपदावरील व्यक्तीने थेट राष्ट्रपती व्हावे काय, हा औचित्याचा मुद्दाही होता. त्याच सुमारास मुंबईत विलासराव देशमुख सरकारवर संकट आले आणि १३ जून रोजी विधानसभेत विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जावे लागले. राजभवनाकडे साऱ्यांचे लक्ष लागले ते बहुमताच्या गणितासाठी. डाव्या पक्षांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले, १५ जुलै रोजी मतदान झाले आणि डॉ. कलाम प्रचंड मताधिक्याने निवडून आले. डॉ. अलेक्झांडर राज्यपालपदावरून पायउतार झाले व महाराष्ट्रातूनच अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात त्यांनी या प्रसंगाविषयी लिहिले आहे.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत रोजगाराची चर्चा करणे अप्रस्तुत आहे, कारण राष्ट्रपतीच्या हाती रोजगार नसतो, असा आक्षेप येथे घेता येईल. आक्षेप वजनदार आहे. परंतु अनुच्छेद ३७१(२) खालील आदेश काढणारा राष्ट्रपतीच असतो. विशेष जबाबदारी सोपविणारे पद आणि ती पार पाडणारे पद, या दोहोंचा संबंध ज्या एका उमेदवाराच्या ठायी एकत्र आला होता तो हा. 'पुरेशा संधी' म्हणजे किती, हे विचारण्याची इतकी योग्य वेळ पुन्हा आली नाही.

राज्यपालाने थेट राष्ट्रपती होण्यातील अनौचित्याचा मुद्दा तर लवकरच विरून गेला. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल असताना उमेदवार झाल्या आणि मराठी व्यक्ती म्हणून शिवसेनेने आघाडीची मर्यादा ओलांडून त्यांना मत दिले. २०१७ मध्ये रामनाथ कोविंद बिहारच्या राजभवनातून गेले. २००२ मध्ये जी हरकत तत्त्वाची म्हणून मांडली गेली, ती नंतर कोणत्याच बाजूने फारशी ठामपणे मांडली नाही, एवढे पाहिले म्हणजे तिचे मूळ तत्त्वात कितपत होते, याविषयी शंका येते.

सरासरीच्या आड

डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती २०११ मध्ये नेमली गेली; तिचा अहवाल २०१३ मध्ये सादर झाला. जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरावा, अशी तिची भूमिका होती. या भूमिकेचे महत्त्व आंबेगाव तालुक्यात बसून लिहिणाऱ्यास विशेष जाणवते. विकास मंडळांच्या नकाशावर हा तालुका पुणे जिल्ह्याचा, म्हणजे उर्वरित महाराष्ट्राचा व पर्यायाने 'प्रगत' भाग. निरगुडसर-पारगावचा पूर्वेकडील पट्टा ऊस, कालवे व साखर कारखान्याने खरोखरच बदलला. परंतु ज्या डिंभे धरणाचे पाणी या उसाला मिळाले, त्याच्या मागील बाजूस भीमाशंकरच्या डोंगरउतारावर महादेव कोळी समाजाची गावे आहेत. जुने आंबेगाव, ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो, त्याच पाण्याखाली गेले. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्याची कथा निराळी नाही. या गावांतील पदवीधर मुलगा स्पर्धा परीक्षेला किंवा पोलीस भरतीला बसतो तेव्हा प्रदेशाच्या हिशेबात तो पुणे जिल्ह्याचा असतो. आदिवासी आरक्षणाचा बिंदू त्याला आधार देतो. प्रदेशाची सरासरी त्याच्या विरुद्ध जाते. तेव्हा प्रादेशिक प्रमाण मोजावयाचे झाले तर ते तीन मोठ्या प्रदेशांचे मोजून भागणार नाही, ही गोष्ट विदर्भ-मराठवाड्याच्या न्याय्य मागणीचे समर्थन करतानाही नोंदविली पाहिजे. आंध्रातील सहा विभागांच्या व्यवस्थेतही विभागांतर्गत विषमतेची तक्रार राहिलीच.

तीन विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली व ती वेळेवर वाढविली गेली नाही. मार्च २०२१ मध्ये विधानसभेत हा विषय निघाला, तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मंडळांच्या घोषणेचा संबंध राज्यपालांकडे प्रलंबित असलेल्या विधान परिषदेच्या बारा सदस्यांच्या नियुक्तीशी जोडला. १९५३ च्या करारात सर्व श्रेणींतील पदांच्या भरतीविषयी जे म्हटले होते, त्याची चर्चा अशा रीतीने बारा पदांच्या भरतीपाशी येऊन ठेपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपतिपदी निवडून आले. त्यांच्याही आधी, १९८७ मध्ये, डॉ. शंकर दयाळ शर्मा याच राजभवनातून उपराष्ट्रपती होऊन गेले होते; परंतु तेव्हा १९९४ चा आदेश निघालेला नव्हता.